मोनाचं सुकाणू

करवंदवाडी, ता. राधानगरी
६ ऑक्टोबर २०२४

लाडक्या तेजूला,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. पाऊस उघडलाय, धरण काठोकाठ आहे आणि मोबाईलला नेहमीसारखी रेंज नाही. दूध गोळा करायला येणारा बाळासो म्हणाला, "मामा, चिठ्ठी द्या की, येता-जाता उद्यमनगरात टाकतो." म्हणून दुधाच्या कॅनांच्या संगतीनं हे पत्र तुझ्या दुकानी येतंय. कागदाला वास येईल, चालवून घे.

अक्षर एवढं मोठं का, ते आधी सांगतो. काचबिंदू आहे. डावा डोळा गेला. उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, आणि ही नळीही हळूहळू मिटणार आहे. डॉक्टर चांगला माणूस, खोटा धीर देत नाही. माझं रडून झालंय, तेव्हा तू त्यात वेळ घालवू नकोस. तुझ्या आईला मात्र बेतानं सांग. माझी थोरली बहीण आहे, उगाच गाडी करून इथं येऊन बसेल.

आता मोनाबद्दल. मोना म्हैस विकून मी फोंडा घाटाखालून शिडाची छोटी होडी आणली, तेव्हा तुझ्या मामीनं रागानं होडीला म्हशीचंच नाव दिलं. ते चिकटलं. पाटबंधारे खात्यात धरणाचं पाणी मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण पाणी मी फक्त उंचीत बघितलं. निवृत्त झाल्यावर त्याच्यावर जाऊन बसलो तेव्हा कळलं की त्याला पाठ आहे, कूस आहे, ते झोपतं आणि झोपेत वळतंही. सकाळी धुकं उतरलं की वर आणि खाली असं काही उरत नाही. होडी कशावर तरंगतेय तेच कळत नाही. अशा धुक्यात डोळस आणि आंधळा दोघांना सारखंच दिसतं. तिथंच मला ही कल्पना सुचली.

मला एवढंच हवंय की डोळे गेल्यावरही एकट्यानं पलीकडच्या काठाला जाऊन परत येता यावं. ते जमलं तर बाकीचं सगळं सोसेन. नाही जमलं तर ओसरीवरच्या पोत्यासारखा जिथं ठेवतील तिथं राहीन, आणि त्याची मला फार भीती वाटते.

वारा गालाला कळतो, शीड कानाला कळतं. खालचं पाणी मात्र फक्त सुकाणूच्या दांड्यातून कळतं, आणि माझं सुकाणू म्हणजे चार खिळ्यांवर लोंबणारी फळी आहे. दांडा वीतभर हलवावा तेव्हा खाली तिला जाग येते. वारा वाढला की दांडा असा ओढतो की खांदा दुखून येतो. डोळे होते तोवर चालून गेलं. तुझ्या बाबांमागं तू पॅटर्नचं दुकान चालवतेस. ओतकामासाठी लाकडाचे नमुने कोरणाऱ्या हाताला एक सुकाणू काही जड नाही. करशील का?

तुझी मामी पलीकडं भांडी आपटतेय. तिला हे पसंत नाही, हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
कृष्णातमामा


उद्यमनगर, कोल्हापूर
१३ ऑक्टोबर २०२४

मामा,

पाया पडते, पण आधी भांडते. डोळ्यांचं आम्हाला आत्ता सांगताय? वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि थोडा वेळ आत बसून राहिले. रडू नकोस म्हणालात म्हणून रडले नाही असं समजा.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्या होडीला काडी लाव म्हणावं." मग उठली आणि तुमच्यासाठी चकल्यांचा डबा भरायला बसली. तो बाळासोकडं दिलाय.

बातमी गल्लीत फुटली आहे. समोरच्या कारखान्याचे हंबीरराव, ज्यांनी जन्मभर ऑइल इंजिनाशिवाय दुसरं काही जोडलं नाही, ते म्हणाले, "सुकाणू कशाला बदलताय? साडेतीन हॉर्सपॉवरचं इंजिन बसवा की, निम्मं धरण हलवंल." मी म्हटलं, मामांना वारा ऐकायचाय. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू तुमचे डोळे नाहीत, माझंच डोकं गेलंय.

खरं सांगू? मला करायचं नव्हतं. तुम्ही पाण्यात एकटे, काही दिसत नाही, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. मग परवा रंकाळ्यावर गेले. होडीत बसले आणि एक फळी बाजूनं पाण्यात धरली. होडीवाला म्हणाला, "ताई, मासं मारायचं हाईत काय?" मी डोळे मिटले. फळी थोडी तिरपी केली की पाणी हात ढकलायचं, सरळ केली की सोडायचं. होडी वेगात गेली की फळी हातात गुणगुणायची. किनाऱ्यावरच्या गाड्या, भेळवाले, सगळं लांब गेलं, आणि जग त्या फळीएवढंच राहिलं. होडीवाल्यानं खांद्याला हात लावला तेव्हा कळलं, फेरी संपून कितीतरी वेळ झालाय. मग मला तुमचं पत्र समजलं.

करते. पण अंगात लाइफ जॅकेट घातल्याशिवाय काठ सोडायचा नाही, हे कबूल करा. आणि मापं हवीत. होडीच्या पाठीला दोन ठिकाणी लोखंडी कड्यांच्या जोड्या बसवलेल्या आहेत ना? सुकाणूच्या कड्या त्या जोड्यांच्या मधे घट्ट बसतील आणि वरून खालपर्यंत एकच सळई जाईल, दाराच्या बिजागरीसारखी. ढिलाई अजिबात राहणार नाही. म्हणून दोन्ही जोड्यांमधलं अंतर अगदी बरोबर कळवा. तुम्ही मोजू नका. मामींना मोजायला सांगा.

तेजू


करवंदवाडी
२२ ऑक्टोबर २०२४

तेजू,

जॅकेट कबूल. चकल्या संपल्या.

मामीला मोजायला सांगितलं. तिनं शिवणाच्या डब्यातली टेप घेतली, पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात उतरली. मी काठावर उभा होतो. माझ्या नळीतून एकदा तिचा हात दिसला, एकदा टेपचं पिवळं टोक. मग तिनं आकडे सांगितले, ते सोबत वेगळ्या कागदावर तिच्याच अक्षरात आहेत. तिला पोहता येत नाही, तेजू. आयुष्य धरणाच्या काठावर गेलं, पण पाण्यात ती गुडघ्याच्या पुढं कधी गेली नाही.

तुझ्या फळीच्या गुणगुणण्याबद्दल. तू फळीची कड पातळ करून गुणगुण घालवणार असशील. पूर्ण घालवू नकोस. वेग किती आहे ते मला तिच्यातूनच कळतं. वारा पडला की ती आधी थांबते आणि मग शीड सैल होतं. थोडी राहू दे, घरात कुणीतरी तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत असावं एवढी.

नळी आणखी बारीक झाली आहे. काल बाळासो समोर उभा होता, मला त्याच्या शर्टाचं एक बटण दिसलं. छान निळं बटण होतं. मला वाटलं, आता असंच होणार, एका वेळी एक बटण. फार वाईट नाही वाटलं. उशीर करू नकोस एवढंच.

मामा


उद्यमनगर, कोल्हापूर
१७ नोव्हेंबर २०२४

मामा,

सुकाणू पाठवलंय. बाळासोनं ते गाडीत कॅनांच्या मधे असं आडवं घातलंय की नवरी बसवून नेतोय असं वाटावं.

पान, म्हणजे पाण्यात राहणारी फळी, सागवानाचं आहे. सळईच्या पुढं तीन बोटं पान काढलंय, म्हणजे पाणी मागच्या भागाला ढकलतं तसंच पुढच्यालाही ढकलेल आणि तुमच्या हातावरचा भार कमी होईल. मागची कड निमुळती केली आणि खालची वीतभर जरा जाड ठेवली. तुमचं गाणं तिथं आहे. दांडा बाभळीचा, नांगराच्या रुमण्यासारखा मुठीत बसणारा. वरच्या अंगाला अंगठ्यापुरती खोबण आहे. अंगठा त्या खोबणीत टेकला की हात दर वेळी एकाच जागी बसेल.

कड्या मी स्वतः आखल्या, स्टीलच्या पट्ट्या वाकवून घेतल्या आणि समोर उभं राहून वेल्डिंग करून घेतलं. कारागिराकडं काही सोडलं नाही. हंबीरराव दोनदा येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत. ते त्यांचं कौतुक असतं.

मला भीती वाटतेच आहे, पण आता तुम्ही पाण्यावर गेलेले बघायचंही आहे.

तेजू


करवंदवाडी
२५ नोव्हेंबर २०२४

तेजू,

ओळी एकमेकींवर चढल्या असतील. समजून घे. आता उजेड आणि सावली एवढंच उरलंय.

सुकाणू बसत नाही. वरची कडी जागेवर गेली तर खालची अडते. लाकडी हातोड्यानं ठोकून बसवलं, सळई घातली, पण दांडा गंजलेल्या कुलपासारखा झालाय. दोन्ही हातांनी ओढावा लागतो. पाणी काय बोलतंय ते त्यातून काही कळत नाही. खोबणीत अंगठा ठेवून मी तसाच बसून राहिलो. एवढं सुंदर काम, आणि मुकं.

तुझं काम चुकायचं नाही, हे मला माहीत आहे. मग माप चुकलं. आणि माप तुझ्या मामीनं, सरूनं घेतलं होतं.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बरोबर सांगितलंय मी." मी म्हटलं, मला काठावर बसवायचं असेल तर तसं तोंडावर सांगायचं, टेपच्या आडून नाही. त्या दिवसापासून ती जेवण वाढते, काठी हातात देते, औषधाचे थेंब घालते, आणि बोलत नाही. मीही बोलत नाही. घरात नुसता भांड्यांचा आवाज आहे.

इथून पुढं माझे डोळे म्हणजे तीच. ती सांगेल तो रंग, ती सांगेल ती पायरी. तिनं एकदा खोटं सांगितलं असेल, तर मी कुठल्या पायरीवर पाय ठेवू? पाण्याची भीती वाटत नाही मला, ह्याची वाटते.

सुकाणू परत पाठवतोय. घाई नाही. कदाचित गरजही नाही.

मामा


उद्यमनगर, कोल्हापूर
२९ नोव्हेंबर २०२४

मामा, आणि मामी,

हे पत्र मामींनाच वाचून दाखवावं लागणार, म्हणून दोघांना लिहितेय. मामी, मोठ्यानं वाचा, आणि मधे थांबू नका.

मामी बरोबर होत्या. चूक माझी आहे.

सुकाणू टेबलावर घेतलं आणि मामींनी लिहिलेला आकडा समोर ठेवून साध्या टेपनं कड्यांमधलं अंतर मोजलं. जास्त भरलं. माझा विश्वास बसेना. मग मी ज्या पट्टीनं आखलं होतं ती पट्टी टेपच्या शेजारी ठेवली, आणि दोघींचे आकडे जुळेनात.

आमच्या धंद्याची पट्टी वेगळी असते, मामा. वितळलेलं लोखंड साच्यात थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करायला नको म्हणून आमच्या पट्टीवरचे आकडेच मुळात लांब पाडलेले असतात. पट्टीवर एक फूट म्हटलं की तो खऱ्या फुटापेक्षा जरासा मोठा. मी लहानपणापासून ह्याच पट्टीवर वाढले, शाळेत भूमितीच्या तासाला हिच्यामुळं मार खाल्लाय. सुकाणू ओतायचं नव्हतं, नुसतं कापून जोडायचं होतं. आकसणारं त्यात काही नव्हतं. पण हात गेला तो ह्याच पट्टीकडं. मामींची शिवणाची टेप खरी बोलत होती आणि माझी कारखान्याची पट्टी थाप मारत होती.

हंबीररावांना सांगितलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "म्हंजे तुझ्या मामाची होडीबी जरा गरम करून फुगवून घे." मला हसू आलं नाही. तुमच्या घरात माझ्यामुळं बोलणं बंद झालंय.

मामी, तुम्ही थंडगार पाण्यात उतरून बरोबर माप दिलंत, आणि त्याचं तुम्हाला हे मिळालं. मला माफ करा. मामा, तुम्ही कुणाची माफी मागायची ते तुम्हाला कळतंय.

कड्या कापून नव्यानं जोडल्या. ह्या वेळी टेप हंबीररावांनी धरली. बाळासोबरोबर सुकाणू येतंय.

तेजू


करवंदवाडी
१९ जानेवारी २०२५

तेजू,

मी सरूमामी. अक्षर माझं, मजकूर ह्यांचा. हे ओसरीवर बसून सांगत्यात आणि मी लिवती. मधी कंसात येईल ते माझं हाय. ते ह्यांस्नी वाचून दाखवणार न्हाय.

तेजू, तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं. 'मामी बरोबर होत्या' ही ओळ मी पुन्हा वाचायला लावली. मग तिनं पत्र खाली ठेवलं आणि मी तिचे पाय शोधत होतो, तर ती चुलीकडं निघून गेली होती.

(पाय काय धरत्यात. मी मागच्या परड्यात जाऊन रडून आले. पर तुला एक सांगते, कुणाजवळ बोलू नको. टेप धरली तवा माझ्या मनात आलतं. दोन बोटं कमी सांगावं, सुकाणू बसायचं न्हाय, माणूस घरात ऱ्हाईल. आकडा व्हटावर आलता. मग ह्यांच्याकडं बघितलं. काठावर हुबं ऱ्हाऊन हे मी सांगंन तेच खरं धरून वाट बघत हुते. मला खोटं बोलवलं न्हाय. म्हणून ह्यांनी इचारलं तवा लई लागलं. केलं न्हवतं, पर मनात आलतं.)

सुकाणू असं बसलं की आवाजसुद्धा झाला नाही. दांडा एका बोटानं हलतो आणि त्याच क्षणी खाली पान हलतं. आधी काठाजवळ दाव्याला बांधून फिरलो. हाताला शिकवायला वेळ लागला. लाट मागून आली की दांडा आधी हलका होतो. उथळ पाणी आलं की जडपणा बदलतो. झाडांच्या सावलीत गेलो की गाल गार पडतो आणि दांडा ढिला होतो, कारण तिथं वारा नाही. आणि तुझं गाणं येतं, खालून, मनगटापर्यंत.

(दावं मी धरलंतं. म्हशीचंच जुनं दावं. हात सोलून निघालं.)

परवा सकाळी दावं सोडलं. बाळासोला काठावर गाडी लावून ठेवायला सांगितली होती, परतीच्या वेळी त्यानं हॉर्न वाजवत राहायचं. त्याला विचारलं, सरू कुठाय? तो म्हणाला, "मामी गोठ्यात हाईत." मी जॅकेट घालून एकटा निघालो.

(तेजू, गोठ्यात न्हवते. बाळासोला मीच सांगितलंतं. हे यायच्या आधी होडीत चढून पार नाकाकडं बसलेली, दोन्ही हातांनी कड धरून. तोंडात पदर कोंबलाता. ह्यांस्नी कळू दिलं न्हाय.)

कसं सांगू तुला. धुकं होतं, असं बाळासो म्हणाला. मला गारवा कळला. काठावरची कुत्री, कोंबडे, पंपाचा आवाज, सगळं एकेक करून मागं राहिलं, आणि मग नुसतं पाणी. मी कुठं संपतो आणि दांडा कुठं सुरू होतो ते कळेना. सगळ्या धरणाचं अंग माझ्या हाताशी येऊन थांबलं होतं. नोकरीत एवढं पाणी मोजलं, पण ते मला दिसलं ते परवा. पलीकडं गाळाला तळ लागला तेव्हा मी हात बुडवून चिखल घेतला, हुंगला आणि होडी फिरवली. बाळासोचा हॉर्न नाकासमोर धरून परत आलो.

(मधल्या पाण्यात मला वाटलं हितंच मरती. मग ह्यांचं तोंड बघितलं. लगीन झालं तवा असं हुतं. डोळं उघडं, आणि हसत हुते. भीती गेली माझी.)

आता शेवटचं, आणि हे सांगतो तसंच लिहायचं असं लिहिणारणीला बजावलंय. तेजू, परवा दांडा रोजच्यापेक्षा जड होता. तुझ्या कामात खोट नाही. होडीच्या नाकावर वजन आलं की ती वाऱ्याकडं तोंड फिरवायला बघते आणि दांडा हाताला ओढतो. काठ सोडल्या सोडल्या मला कळलं, पुढं कुणीतरी बसलंय, आणि कोण ते ओळखायला डोळे लागत नाहीत. आधी राग आला. एकटं जायचं होतं मला. मग मधल्या पाण्यात आलो आणि वाटलं, पोहता न येणारं माणूस एका आंधळ्याच्या हातावर भरवसा ठेवून एवढ्या पाण्यात गप्प बसलंय. मी तर तिच्या टेपवरसुद्धा भरवसा ठेवला नव्हता.

तिला सांग, पुढच्या खेपेला नाकावर बसू नको म्हणावं. मधल्या फळीवर, माझ्याजवळ बस. दांडा हलका राहतो आणि बोललेलं ऐकू येतं.

(लिवलंस का म्हणून इचारत्यात. माझा हात थांबलाय. लिवलं म्हटलं.)